सर्जेराव आप्पांचं स्वावलंबन

शिरूरच्या मार्केट यार्डात पिवळ्या रंगाची, मागच्या फळीवर लाल अक्षरांत 'आपलं आपण' असं रंगवलेली ट्रॉली दिसली, तर ती आमच्या सर्जेराव आप्पांची समजावी. ट्रॉली त्यांची, अक्षरं त्यांची, विचार तर पुरता त्यांचा. फक्त पुढचा ट्रॅक्टर भावकीतल्या कुणाचा तरी असतो, डिझेल त्या भावकीवाल्याचं असतं आणि गाडी चालवायलाही तोच असतो. आप्पा मडगार्डवर बसतात आणि वाटेत भेटेल त्याला हात करून सांगतात, "माल घेऊन चाललोय. एकटाच हाय."

आमचं गाव भीमेच्या काठावर. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन्हीकडच्या लग्नांना, सत्कारांना आणि उद्घाटनांना माझा मंडप, माझा स्पीकर आणि वेळ पडली तर निवेदनाला मीही जातो. त्यामुळे स्वावलंबनावरचं आप्पांचं भाषण मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा त्यांच्या बायकोनेही ऐकलं नसेल. तिला ऐकायला वेळ कुठला? भाषण चालू असताना स्वावलंबनाची सगळी कामं तिलाच उरकायची असायची.

आप्पा दिसायला भारदस्त. पांढरीशुभ्र विजार, कडक इस्त्रीचा शर्ट, टोपी एका कानाकडे किंचित कललेली. आवाज असा, की माझ्या माईकला सुद्धा आपली गरज काय असं वाटावं. पण या ऐटदार माणसाने आयुष्यात स्वतःचा चष्मा कधी बाळगला नाही. वाचायची वेळ आली की हात पुढे.

"निवेदक, बघू तुझा चष्मा."

गावातल्या चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या चष्म्यातून आप्पांनी जग वाचलेलं आहे. सोसायटीची नोटीस सचिवाच्या चष्म्यातून, पेपर चहावाल्याच्या चष्म्यातून, लग्नपत्रिका ज्याच्या घरचं लग्न त्याच्याच चष्म्यातून. मी एकदा धीर करून म्हणालो, "आप्पा, तुम्ही एक करून का नाही घेत?"

"कशाला?" आप्पा म्हणाले. "चष्म्याची सवय लागली की माणूस परावलंबी होतो."

आणि हे बोलताना माझा चष्मा त्यांच्या नाकावर होता!

टपरीवर त्यांचा नियम ठरलेला. स्वतःसाठी चहा सांगायचा नाही, कारण 'घरून पिऊन आलोय'. मग शेजारच्याचा ग्लास आला की बशी पुढे करायची. "यातलाच जरा वत. उगं तुझं मन मोडायला नको." फोन लावायचा तर, "जरा लावून दे, माझ्या हाताला माती हाय." त्या हातांना माती लागलेली मी कधी पाहिली नाही. काडेपेटी, पेन, छत्री, पाना-पक्कड, एवढंच काय, पंपाला दोरी हवी असली तरी ती शेजारच्याची. पण मागितलेली वस्तू मागितली असं आप्पा कधी म्हणत नाहीत. "तुझी पक्कड गंजून चाललीय, जरा वापरतो," असं म्हणून नेतात. देणाऱ्यानेच उपकार मानावेत, अशी सोय.

एकदा शाळेत झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलावलं. आप्पा रंगात आले. "बाळांनो, माझं ताट मी धुतो. माझ्या शर्टाचं बटन मी लावतो." पहिल्या रांगेत बायकांच्यात हौसाकाकू, म्हणजे आप्पांची बायको, बसल्या होत्या. त्यांनी आपल्या बोटांकडे एकदा बघितलं आणि बोटं पदराखाली घेतली. भाषण संपता संपता आप्पांना ठसका लागला. "पाणी," ते म्हणाले, "कुणीतरी पाणी आणा रे." दोन हातांवर तांब्या होता. झाकण घातलेला, वर पेला उपडा घातलेला. ते झाकण काढायला हेडमास्तर उठले, तेव्हा आप्पा प्यायले.

आता सावडीची गोष्ट सांगतो, कारण आप्पांचं खरं मोठेपण तिथं आहे.

आमच्याकडे सावड चालते. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तू. खुरपणी असो, कांदा काढायचा असो. कारखान्यांमुळे रोजाने माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. मग चार घरं एकत्र येतात आणि एकेकाचं रान उरकून टाकतात. कुणी कुणाचं लिहून ठेवत नाही, पण कुणी विसरतही नाही. आप्पाही सावडीत होते. म्हणजे त्यांचं घर होतं. आप्पा दुसऱ्याच्या रानात जायचे, बांधावर उभे राहायचे आणि बोट दाखवायचे. "ती काडी राहिली बघ. वाफा नीट झाड." असं दिवसभर. जेवायला मात्र पहिले.

एका दुपारी कमलवहिनी वैतागली. कमलवहिनी म्हणजे आप्पांच्या बांधाला बांध असलेली शेजारीण. जिभेला धार, पण मनात काही नाही. ती वाफ्यातूनच ओरडली, "आप्पा, तुमचं बोट दुखत असंल. जरा खुरपं धरा, बोटाला इसावा मिळंल."

सगळं रान हसलं. आप्पांचा चेहरा लाल झाला. टोपी काढून त्यांनी झटकली, पुन्हा घातली आणि जाहीर केलं, "आजपास्नं आमची सावड बंद. दुसऱ्याच्या जिवावर शेती करायची आपल्याला सवय न्हाई. आपलं आपण!"

त्याच आठवड्यात ट्रॉलीच्या फळीवर ती लाल अक्षरं उमटली. रंगाचा डबा कमलवहिनीच्या नवऱ्याचा होता.

गावाला वाटलं, आता आप्पांचं रान पडणार. पण नाही! त्यांची खुरपणी वेळेवर, उसाची लागण वेळेवर, कांदा वेळेवर. आप्पा आणखी फुगले. जो तो त्यांना विचारायला लागला, की आप्पा, कसं जमवता? आप्पा गूढ हसायचे. "नियोजन."

नियोजनाचं नाव हौसाकाकू. दुपारी आप्पा जेवून आडवे झाले की काकू 'देवळात जाऊन येते' म्हणून निघायच्या आणि थेट कमलवहिनीच्या रानात. कधी निंदणीला, कधी कांद्याची पात कापायला, कधी गोण्या शिवायला. देव रोज एवढा वेळ कसा घेतो, असा प्रश्न आप्पांना कधी पडला नाही. मग काकूंच्या रानात काम निघालं, की आप्पा कुठल्या तरी मीटिंगला शिरूरला गेलेले बघून बायका यायच्या आणि काम उरकून जायच्या. आप्पांनी मोडलेली सावड काकूंनी एकटीने चालू ठेवली होती. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्याच्या घरात हे चाललं होतं त्यालाच काय ते माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. मला विचाराल तर दुसरं.

पण काकूंचे गुडघे गेले. आधी एक, मग दोन्ही. उकिडवं बसता येईना. तरी त्या जायच्या, पोत्यावर पाय लांब करून बसायच्या आणि कांदे कापायच्या. उठताना दोघीजणी काखेत हात घालून उठवायच्या. दौंडला त्यांची लेक मंगल राहते. तिने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, उशीर केला तर पाय वाकडे होतील. मंगलने खोली रिकामी केली, उंच खाट आणली, सगळी तयारी केली. अडलं फक्त आप्पांच्या 'हो'वर.

"करू की," आप्पा म्हणायचे. "मी कुठं न्हाई म्हणतोय? कांदा निघू दे, मग बघू."

कांदा निघाला की ऊस असायचा. ऊस तुटला की लागण असायची. मध्ये एकदा मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. काकू भिंतीला धरून चहा घेऊन आल्या. मी उठून कप घेतला. आप्पा म्हणाले, "बस रे, तिला सवय हाय." आणि मग मला समजावून सांगितलं, "हे बघ निवेदक, गुडघ्याचं काय असतं, आपण त्याला जेवढं लाडावू तेवढं ते दुखतं. आन् ती दोन महिने दौंडला जाऊन बसली तर हितं भाकरी कोण करंल?"

बघा, तत्त्वज्ञान कुठं येऊन टेकलं! स्वावलंबनाची एवढी मोठी इमारत, आणि पाया एका बाईच्या दुखऱ्या गुडघ्यावर.

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी पहिल्यांदा उलट विचारलं. मी आणि कमलवहिनी तिथंच होतो. "कांदा निघाला की नक्की का?" काकू म्हणाल्या.

"नक्की. शब्द हाय माझा."

"मग परवा निघंल," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या रानात बायका उतरल्या. एवढ्या, की वाफ्यांत हिरवं कमी आणि रंगीत पदर जास्त. काकूंनी ज्यांच्या ज्यांच्या रानात पोत्यावर बसून कांदा कापला होता, त्या सगळ्या. काकूंसाठी बांधावर प्लास्टिकची खुर्ची. कमलवहिनी कांद्याला सुद्धा दम देत होती, "निघ लवकर, काकूला दौंडला जायाचंय." सूर्य कलायच्या आत काढणी झाली, दुसऱ्या दिवशी पात कापून कांदाचाळीत भरला. आप्पा दोन्ही दिवस शिरूरला. आल्यावर मोकळं रान बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बघितलं? एक मजूर लावला न्हाई."

"आप्पा, मग ऑपरेशन?"

"अरे, आता सत्कार हाय ना माझा! तो होऊ दे. मग बघू."

सत्कार! तालुक्यातल्या एका मंडळाने त्यांना 'स्वावलंबी शेतकरी' म्हणून निवडलं होतं. आप्पा दोन दिवस शिरूरला त्याच खटपटीत होते. त्या संध्याकाळी काकू चुलीपुढे बसल्या होत्या. दौंडला जायची भरून ठेवलेली पिशवी उघडून एकेक लुगडं परत पेटीत ठेवत होत्या. कमलवहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या भोंग्याचा जन्मात एकदा तरी उपयोग करा."

शिरूरच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. स्पीकर माझा, निवेदन माझं. गावातून पिकअप भरून बायका आल्या, काकूही आल्या. व्यासपीठावर मोठे पाहुणे, हार, नारळ, चौकटीतलं मानपत्र. मानपत्राचा मजकूर आप्पांनी स्वतः बसून लिहिला होता. आयुष्यात कुणाच्याही मदतीशिवाय त्यांनी केलेलं हे एकमेव काम असावं. 'अहोरात्र कष्ट', 'घामाचे मोती', 'कुणापुढेही हात न पसरता', सगळं होतं त्यात.

ते मानपत्र मी मोठ्याने वाचायचं होतं. पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आप्पांनी एक शेवटची नजर टाकायची म्हणून हात पुढे केला. "निवेदक, बघू तुझा चष्मा."

घेतला तो घेतला. घालून बसले. फोटो काढणारे समोर आले होते आणि चष्म्यात आपण विचारवंत दिसतो, हे आप्पांना मागेच कळलेलं. माझी पाळी आली. चौकट माझ्या हातात, आणि अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मी आप्पांकडे बघून नाकाला हात लावला. त्यांना वाटलं मी मान देतोय. त्यांनी हात जोडले.

आता माईकपुढे गप्प राहणं माझ्या रक्तात नाही. मी चौकट छातीशी धरली आणि आठवेल तसं सुरू केलं. घामाचे मोती आठवले, तेवढे सांडले. पुढचं आठवेना. समोर पहिल्या रांगेत काकू पाय लांब करून बसलेल्या दिसल्या. आणि माझ्या तोंडून आपोआप, अगदी मानपत्राच्या चालीत, निघालं:

"आणि मंडळी! या थोर स्वावलंबी माणसाचा पुढचा संकल्प ऐका. या सत्काराचा हार उतरताच, उद्या सकाळी, सर्जेराव आप्पा आपल्या पत्नीला दौंडला ऑपरेशनला घेऊन जाणार आहेत! काकू स्वतःच्या पायांनी गावात परत येईपर्यंत घरातली चूल, भांडी, धुणं, सगळं आप्पा स्वतः करणार आहेत! कुणाचीही मदत न घेता!"

टाळ्या अशा पडल्या, की माझा स्पीकर शिट्टी मारायला लागला. मोठे पाहुणे उठले, त्यांनी आप्पांना मिठी मारली. माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "खरा पुरुषार्थ हा! मी स्वतः आप्पांच्या हातचा चहा प्यायला येणार." आप्पा माझ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत होते. लांबचं त्या चष्म्यातून धड दिसत नाही, म्हणून मी वाचलो.

कमलवहिनी खालून ओरडली, "आप्पा, माईकवर शब्द द्या! आमाला ऐकायचाय!"

सगळा हॉल 'शब्द, शब्द' करू लागला. आप्पा माईकपाशी आले. त्या भारदस्त आवाजाला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या माईकची गरज पडली. "आपलं..." ते म्हणाले. टोपी सरळ केली. "आपण."

कार्यक्रम संपल्यावर काकू पिकअपच्या फळीला धरून उभ्या होत्या. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "भाऊ, हे त्यांनी लिवलं हुतं, का तुमी जोडलं?"

"काकू, माझ्याकडे चष्माच नव्हता."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. "बरं झालं," म्हणाल्या.

काकू दौंडला गेल्या. ऑपरेशन झालं, एक पाय, मग दुसरा. इकडे आप्पांचं स्वावलंबन सुरू झालं. पहिल्या दिवशी घरातून एवढा धूर निघाला, की लोक बादल्या घेऊन धावले. दुसऱ्या दिवसापासून धूर नाही आणि आप्पा मात्र टवटवीत. का? बायका पाळीने भाकरी पोचवत होत्या. आज हिच्या घरून पिठलं, उद्या तिच्या घरून वांगं.

मी म्हणालो, "आप्पा, शब्द दिला होता की कुणाची मदत घेणार नाही."

"मी कुठं मागतोय? आणून देत्यात. मागणं येगळं, आणून देणं येगळं. मान हाय तो माझा."

नेमकी कमलवहिनी ताट घेऊन दारात. तिने ताट ओसरीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "आप्पा, ही भाकरी तुमची न्हाई. काकूची हाय. तिनं आमच्या रानात करून ठेवलीय. तुमी निस्ती खाताय."

आप्पा काय बोलले असतील? "कालच्यापेक्षा मीठ कमी हाय," म्हणाले.

तरीही भाषणं थांबली नाहीत. उलट नवा भाग जोडला गेला. 'मी एकट्याने आजारपण कसं काढलं' हा. आजारपण कुणाचं आणि काढलं कुणी, असले बारीक प्रश्न श्रोते विचारत नाहीत.

मग परवा काकू आल्या. मी फाट्यावर खांब उतरवत होतो. एसटी थांबली. आधी मंगल उतरली आणि हात द्यायला वळली. काकूंनी तिच्या हातात पिशवी दिली, दांड्याला धरलं आणि एकेक पायरी करत खाली आल्या. गुडघे सरळ होते. वाकत होते. त्या जमिनीवर उभ्या राहिल्या, एकदा मागे, एकदा पुढे बघितलं आणि चालायला लागल्या.

खांब तसेच टाकून मीही मागोमाग गेलो. आप्पा ओसरीत वाट बघत होते. काकू दारात आल्या. "आलीस? बरं झालं," आप्पा म्हणाले. "चहा ठेव."

काकूंनी आत जाऊन देवापुढे हात जोडले, पिशवी ठेवली, दाराआडचं खुरपं घेतलं आणि बाहेर आल्या. "कमलच्या रानात खुरपणी हाय. लई दिवसांची सावड राहिलीय माझी," त्या म्हणाल्या.

"काम नको हां आई," मंगल म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले?"

"खुर्चीवर बसते, खुरपं निस्तं हातात धरते," काकू म्हणाल्या आणि निघाल्या. देवळाचं नाव घेतलं नाही. आप्पांच्या देखत, भर रस्त्याने, बांधाच्या दिशेने. रानातून बायकांनी त्यांना बघितलं आणि असा काही गलका केला, की माझ्या स्पीकरला कधी जमला नाही.

आप्पा आत गेले. डबे वाजले. बाहेर आले ते हातात चहाचा पुडा घेऊन. मी अंगणात होतो, तर माझ्याकडे बघून हात पुढे केला.

"निवेदक, बघू तुझा चष्मा. मागं कृती लिवलेली असती म्हणं."

दिला. त्यांनी पुडा लांब धरला, जवळ आणला आणि भाषणाच्या आवाजात वाचलं, "पाणी उकळून घ्यावे."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"उकळून कुणी घ्यायचं, ते लिवलं न्हाई."